सही न येणाऱ्या मारीचा गोतावळा

१७६४ साल. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या आंगूलेम गावात मारी एमार नावाच्या विधवेने नोटरीकडे एक मुखत्यारपत्र करून घेतले. तिचा नवरा लुई फेराँ सुतार होता. १७५३ मध्ये तो कामासाठी कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावर गेला आणि तिकडेच वारला. तिथे त्याने काही गुलाम आणि खेचरे विकत घेतली होती, असे तिच्या कानावर आले होते. त्या मिळकतीचे पुढे काय झाले, याची तिला चौकशी करायची होती. मारीला लिहिता येत नव्हते, सहीसुद्धा नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात तिच्या लेकीचा, फ्रांस्वाझचा विवाहकरार झाला. त्यावर ८३ जणांच्या सह्या आहेत!

सुताराच्या गरीब विधवेकडे एवढी माणसे आली कशी? इतिहासकार एमा रॉथ्सचाइल्ड यांनी या एका प्रश्नापायी सारे गाव धुंडाळले. चर्चच्या नोंदवह्यांत त्या वर्षी बाप्तिस्मा, लग्न वा दफनाच्या निमित्ताने आलेली चार हजारांहून अधिक माणसे त्यांनी टिपली. कोण कोणाचा शेजारी, कोण कोणाच्या मुलाचा धर्मपिता, हे जुळवत त्या १७६४ पासून थेट विसाव्या शतकापर्यंत पोचल्या. २०२१ मध्ये त्यांचे ‘ॲन इन्फिनिट हिस्टरी’ हे पुस्तक आले.

आपल्याकडचे बहुतेक कुलवृत्तांत मूळ पुरुषापासून निघतात आणि सासरी गेलेल्या लेकीपाशी तिची फांदी थांबते. इथे वंश सुरूच होतो आई आणि लेकीपासून. या शोधातली ही सर्वांत मोलाची गोष्ट. शिवाय ज्यांचे लग्न झाले नाही, मूलबाळ नाही, अशा स्त्रियांनाही त्यात पुरती जागा आहे. फ्रांस्वाझच्या अविवाहित मुलींनी आंगूलेममध्ये शाळा चालवली. त्यांच्या घराची, पैशाची आणि भाचरांना दिलेल्या आधाराची हकीकत रॉथ्सचाइल्ड मनापासून सांगतात.

मारीचा खापरपणतू मात्र जगाला माहीत आहे: अल्जिअर्सचे आर्चबिशप कार्डिनल शार्ल लाव्हिजरी. १८८८ मध्ये त्यांनी आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराविरुद्ध युरोपभर मोहीम उघडली. आणि त्यांच्याच घराण्याच्या, मारीने केलेल्या त्या जुन्या मुखत्यारपत्रात माणसे खेचरांच्या जोडीने मिळकत म्हणून मोजलेली आहेत. त्यांतल्या एकाचेही नाव तिथे लिहिलेले नाही. आंगूलेमच्या ८३ जणांचा माग सहीवरून लागला. ग्रेनाडातल्या या माणसांची लेकरे, नातवंडे कुठे गेली, हे विचारायला या कागदाने धागाच ठेवलेला नाही.