काळीत घर नको, पांढरीचा धडा गिरवा



वैशाखातल्या जिल्हा बैठकीत विषय कापसाचा होता. दुपारचे दोन वाजलेले, वर पत्रा, खाली सतरंजी, आणि घामाने सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटलेले. अशा वेळी एक तरुण कार्यकर्ता उभा राहिला आणि म्हणाला, "परदेशात लोक जमिनीखाली काँक्रीटचे घर बांधतात. आत ना कूलर लागतो ना विजेचे बिल येते. आपल्याकडे जमीन आहे, खणायला जेसीबी आहे. मग आपण का बांधू नये?"

निम्मी बैठक हसली. मागच्या रांगेतून एक वयस्क बाई कडाडल्या, "हसता काय? माझ्या सुनेचं बाळंतपण मे महिन्यात झालं. महिन्याचं लेकरू घेऊन स्लॅबखाली एक रात्र काढून पाहा, मग हसा." हसू थांबले. या प्रश्नाचे उत्तर अभ्यास करून देऊ, असा शब्द आम्ही त्या दिवशी दिला. तो आज पाळत आहोत.

प्रश्न हसण्याचा नाहीच. चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. आपल्या बापजाद्यांच्या मातीच्या घरांना सरकारने 'कच्ची' ठरवले आणि चार-पाच इंचांच्या स्लॅबला 'पक्के' म्हटले. या पक्क्या घरात दुपारी माणूस कसाबसा बसतो आणि रात्री झोपू शकत नाही. कारण साधे आहे. पाच इंचांच्या स्लॅबमधून दुपारचे ऊन आत झिरपायला चार-पाच तास लागतात. सूर्य मावळतो आणि आपले छत तापू लागते. म्हणून बाजा अंगणात येतात. ज्याला अंगण नाही, म्हातारपणामुळे गच्ची चढवत नाही किंवा जिला बाळ घेऊन बाहेर निजता येत नाही, त्यांनी काय करायचे? कूलर लावायचा, तर दिवसभर चालवायला शंभर लिटरच्या घरात पाणी लागते. ज्या गावात मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे कूलरला पाणी कोण पाजणार? आणि वीज असेल तेव्हाच तो फिरणार.

मातीचा गुण आपल्याला नवा नाही

जमिनीखाली गारवा असतो हे आपल्याला कोणी परक्याने शिकवायची गरज नाही. बारवेच्या पायऱ्या उतरताना तो अंगाला लागतो. अजिंठ्याच्या लेण्यात ऐन उन्हाळ्यात शिरलेल्या माणसालाही तो ठाऊक आहे. दिवसाच्या उन्हाची झळ जमिनीत दीड फुटाच्या खाली फारशी पोचत नाही. दहा-बारा फुटांखाली तर उन्हाळा-हिवाळ्याचा फरकही थोडाच उरतो. वर्षभराच्या हवेच्या तापमानाची जी सरासरी, तेवढेच तिथले तापमान. विदर्भात ते २७ अंशांच्या आसपास भरते. म्हणजे खाली बर्फ नाही, पण वर ४५ असताना खाली २७-२८ ही काही थोडकी गोष्ट नव्हे.

ऑस्ट्रेलियात कूबर पेडी नावाचे गाव आहे. १९१५ साली तिथे ओपल हे रत्न सापडले. खाणीत काम करणारी माणसे उन्हाला कंटाळून डोंगरातच घरे कोरून राहू लागली. आजही गावातली निम्मीअधिक माणसे जमिनीखाली राहतात. बाहेर चाळीसच्या वर आणि आत पंचवीसच्या आत. चीनच्या लोएस पठारावरही पिवळ्या मातीत कोरलेल्या घरांतून लाखो कुटुंबे शतकानुशतके राहत आली.

मग नकाराचे कारण काय? कारण त्यांची जमीन वेगळी आणि आपली वेगळी. कूबर पेडीत वर्षाला जेमतेम दीडशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि खाली वालुकाश्म आहे. तिथे काँक्रीटची भिंतही लागत नाही, खडकच भिंत होतो. आपल्याकडे पाऊस त्याच्या चार-पाचपट, काही भागांत त्याहून जास्त, आणि पायाखाली काळी माती.

काळी ही पिकाची आई, घराची वैरीण

काळ्या मातीचा स्वभाव आपल्यापेक्षा कोणाला जास्त माहीत? उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पाय अडकेल एवढ्या. पावसात तीच माती पाणी पिऊन फुगते. हा फुगवटा कापसाला ओल पुरवतो. पण याच फुगवट्याने घराची जोती उचलली जातात आणि भिंतींना तिरप्या चिरा पडतात. आता विचार करा, वरचे घर उचलणारी ही माती जमिनीतल्या घराच्या चारही भिंतींना आतल्या बाजूला रेटू लागली तर काय होईल?

काय होते ते आम्ही पाहिले आहे. आमच्यातल्या एका कार्यकर्त्याने काही वर्षांपूर्वी शेतातच, विहिरीपासून थोड्या अंतरावर, आठ फूट खणून खोली बांधली. विटांची भिंत, वर स्लॅब, स्लॅबवर माती. पहिला उन्हाळा सुखात गेला. आम्ही सगळे तिथे जेवून आलो, तोंड भरून कौतुक केले. श्रावणात भिंतीला पोट आले. भादव्यात गुडघाभर पाणी भरले. दिवाळीला त्याने कुटुंबासह सामान बाहेर काढले. एका हंगामाचा सगळा कापूस त्या खड्ड्यात गेला. आम्ही कौतुक केले, पण एकानेही त्याला विहिरीची पावसाळ्यातली पातळी विचारली नाही. ही चूक त्याच्या एकट्याची नाही, आमचीही आहे.

आपले पूर्वज या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे होते. त्यांनी शेतजमिनीला 'काळी' म्हटले आणि गावठाणाला 'पांढरी'. काळीत पेरायचे, पांढरीत राहायचे. जोंधळ्याचे पेव काढायचे तेही काळीत नाही. उंचवट्यावर, मुरमाड किंवा पांढऱ्या मातीत, जिथे पाणी थांबत नाही अशा जागी. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी त्यांत शिरले आणि फार नुकसान झाले. जागा चांगली, माती चांगली, पण पाणी आले की सगळे संपते.

पेवाने आणखी एक धडा दिला आहे. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड काही काळ उघडे ठेवायचे, कंदील खाली सोडायचा, तो विझला तर उतरायचे नाही. कोंडलेल्या पेवात माणसे गुदमरून मेली आहेत. वारा न फिरणारी खोली गार असली तरी ती खोली नव्हे, पेवच. आणि आपल्या घरात तर भावाची वाट पाहत कापूस पडून असतो. एकच दार असलेल्या जमिनीखालच्या खोलीत कापसाला ठिणगी लागली तर? दोन वाटा नाहीत तिथे घर नाही, ही खूणगाठ बांधा.

किल्लारी विसरू नका

कोणी म्हणेल, खाली नको तर वरच्याच स्लॅबवर दोन फूट माती टाकू. इथे आम्ही हात जोडून सांगतो, थांबा.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती बुडवून माणसे नुकतीच झोपली होती. लातूर-उस्मानाबादच्या त्या पट्ट्यात माळवदाची घरे होती. दगड-मातीच्या दोन-तीन फूट जाड भिंती आणि वर मातीचे थर. उन्हाळ्यात ती घरे गार असत, यात शंका नाही. गळू नये म्हणून वर्षानुवर्षे नवी माती चढत गेली. भूकंप झाला, मातीत रचलेल्या दगडांच्या भिंती फुटल्या आणि ते सगळे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. काही क्षणांत हजारो माणसे गेली. चीनमध्येही १५५६ साली शान्शी प्रांतातल्या भूकंपात आठ लाखांहून अधिक माणसे मेल्याची नोंद आहे. त्यांतली पुष्कळशी अशाच कोरीव मातीच्या घरांत राहणारी होती.

हिशेब करा. दहा बाय वीस फुटांच्या खोलीवर एक फूट ओली माती म्हणजे सुमारे दहा टन. दोन फूट म्हणजे वीस टन. साध्या घराचा स्लॅब एवढ्या वजनासाठी केलेलाच नसतो. त्यावर माती टाकणे म्हणजे पोराबाळांच्या डोक्यावर भरलेल्या ट्रॉल्या उभ्या करणे. माती पेलायची तर स्लॅब, तुळया, खांब, पाया सगळे त्या वजनाच्या हिशेबाने बांधावे लागते. त्याला सळई आणि सिमेंट कितीतरी जास्त लागते. 'ऊर्जा वाचवणारे घर' म्हणताना हेही मोजले पाहिजे. सिमेंटची भट्टी १४५० अंशांवर चालते आणि तिला भरपूर इंधन लागते. वाचलेली वीज आधी सिमेंटमध्ये खर्च झालेली असते.

मग करायचे काय?

आमचे मत स्पष्ट आहे. काळ्या मातीत जमिनीखालचे घर कोणीही बांधू नये, कितीही स्वस्त सांगितले तरी. ज्याची जागा मुरमाड उतारावर आहे, त्याने पूर्ण जमिनीखाली न जाता अर्धे घर उतारात बसवावे. पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना माती, पुढची बाजू मोकळी, तिचे तोंड पश्चिमेला नको. त्याआधी या गोष्टी तपासा.

एक, पावसाळ्याआधी दहा फुटांचा खड्डा खणून, कडेने कुंपण करून, एक पावसाळा तसाच ठेवा. पोळ्याला त्यात पाणी दिसले तर विषय तिथेच मिटवा. जवळच्या विहिरीची पातळीही तेव्हाच पाहा.

दोन, मातीला टेकणारी भिंत साध्या विटांची नको. ती सळईच्या काँक्रीटची आणि अभियंत्याने हिशेब करून दिलेली हवी. गवंड्याच्या अंदाजावर हे काम होत नाही.

तीन, भिंतीमागे काढलेली माती परत भरू नका. खडी भरा, तळाशी भोके पाडलेला पाइप टाका आणि त्याचे तोंड उताराला मोकळे सोडा. पाणी अडवण्यापेक्षा त्याला वाट देणे स्वस्त पडते.

चार, दोन वाटा आणि समोरासमोर हवेचे झरोके असल्याशिवाय छत घालू नका. पावसाळ्यात आत ओल धरते, तेव्हा हेच झरोके घर वाचवतात.

ज्यांची जागा काळीतच आहे, त्यांनी पायाखालची काळी काढून तिथे मुरूम धुमसून भरावा. आय.आय.टी. मुंबईच्या प्रा. कट्टी यांनी न फुगणाऱ्या मातीचा थर देऊन काळीचा फुगवटा काबूत ठेवण्याची पद्धत दाखवून दिली आहे. आणि गारव्यासाठी? उन्हाळ्याच्या तोंडी स्लॅबला चुन्याचे दोन हात द्या, त्यावर हातभर उंच सांगाडा करून तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा मांडव घाला. स्लॅबला ऊनच लागले नाही तर रात्री तो ओकणार काय? मात्र मांडव चुलीच्या धुराड्यापासून आणि विजेच्या तारांपासून लांब ठेवा. पश्चिमेची भिंत जाड करा किंवा तिच्यापुढे पडवी काढा. याला जेसीबी लागत नाही की कर्ज लागत नाही.

शेवटी सरकारला एक सांगणे. २०१६ साली सुरू झालेल्या घरकुल योजनेत मैदानी भागासाठी १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर, म्हणजे पावणेतीनशे चौरस फुटांच्या आत, असे माप ठरले. या पैशात भिंती उभ्या राहतात आणि स्लॅब पडतो, सावलीला काही उरत नाही. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या जिल्ह्यात घर पावसापासून वाचवते की नाही एवढेच पाहून चालणार नाही, उन्हापासून वाचवते की नाही हेही पाहिले पाहिजे. उष्ण जिल्ह्यांसाठी जाड भिंतीचा, सावलीच्या छताचा, भूकंपाला टिकणारा नमुना आणि त्यासाठीचा वाढीव पैसा, ही मागणी आम्ही पुढच्या जिल्हा बैठकीत ठरावाच्या रूपाने मांडणार आहोत.

येताना प्रत्येक गावाने दोन गोष्टी लिहून आणाव्यात. आपल्या गावात सर्वात गार घर कोणते आणि ते कशाने गार राहते. हा अभ्यास करायला कोणी तज्ज्ञ येणार नाही. आणि त्या मागच्या रांगेतल्या बाईंना आमची विनंती आहे, या वेळी पुढे बसा. ठराव तुम्हीच मांडायचा आहे.