खाते नावावर, पण घर कोणाचे?

मैसूरमध्ये सरस्वतीपुरम्, कुवेंपुनगरसारख्या भागांत जुने घर असलेल्या मराठी कुटुंबांत एक वाक्य हमखास ऐकू येते: "बाबा गेल्यावर खाते माझ्या नावावर झाले, आता घर माझेच." तुमच्याही घरात कोणी असे म्हणत असेल, तर जरा थांबा.

खाते म्हणजे महानगरपालिकेची नोंद. घरपट्टी कोणाकडून घ्यायची, जागा किती, बांधकाम किती, एवढेच तिच्यावरून कळते. महाराष्ट्रातून आलेल्यांनी सातबारा आठवावा. तोही मुळात महसुलाचाच कागद. अशा नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. मालकी येते ती नोंदणीकृत खरेदीखताने किंवा बक्षीसपत्राने, वाटणीने, मृत्युपत्राने, नाहीतर वारसाहक्काने.

गोंधळ होतो तो इथेच. हिंदू कुटुंबात घर वडिलांच्या स्वकमाईचे असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर आई, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा असतो. आजी हयात असेल तर तिचाही. मुलीचे लग्न झाले म्हणून तो कमी होत नाही. बहिणीने फोनवर "मला काही नको रे" म्हटले, तेवढ्याने तिचा हक्क सुटत नाही. तिला खरोखरच वाटा सोडायचा असेल, तर हक्कसोडपत्र करून ते उपनिबंधक कार्यालयात नोंदवावे लागते. नाहीतर घर विकायला काढले की खरेदीदाराचा वकील पहिला प्रश्न विचारतो, बहिणींच्या सह्या कुठे आहेत? मग राखीपौर्णिमेला येणारी बहीण कोर्टाच्या तारखांना भेटू लागते.

2024च्या ऑक्टोबरपासून कर्नाटकात शहरी मिळकतीच्या विक्रीची नोंदणी करताना ई-खाते लागते. त्यामुळे ते जरूर करून घ्या. पण खात्यावर 'बी' असेल, तर विक्रेत्याच्या "टॅक्स भरतोय ना" या उत्तरावर समाधान मानू नका. कर भरल्याने लेआउटची मंजुरीतली उणीव भरून निघत नाही. 'साइट' मुडाकडून मिळालेली असेल, तर भाडेपट्टा-विक्री करारानंतरचे अंतिम खरेदीखत झाले आहे का, तेही पाहा. नुसत्या मुखत्यारपत्रावर साइट घेऊ नका. अशा कागदाने मालकी येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2011चा स्पष्ट निकाल आहे.

ईसी, म्हणजे बोजा दाखला, कावेरी पोर्टलवरून काढता येतो. नोंदलेली खरेदी, गहाण त्यात दिसते. न नोंदलेले मृत्युपत्र किंवा भावाबहिणींचा तंटा मात्र दिसत नाही, म्हणून शेजाऱ्यांशी बोलणेही कामी येते.

आणि आईच्या कपाटातले मूळ खरेदीखत एकदा बाहेर काढून बघा. ते हरवले असेल, तर नोंदणी झालेल्या उपनिबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते. ती विक्रीची वेळ येण्याआधीच आणून ठेवा.