परकेपणाचे दोन निकष

मराठी वाङ्मयेतिहासात ‘तुर्क’ हा शब्द जुना आहे आणि सैलही आहे. एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त तुर्क म्हणजे मुसलमान, एवढाच त्याचा अर्थ. लोकभाषेने शब्द असा सैल वापरावा यात वावगे काही नाही. पैठणच्या बाजारपेठेत उभ्या असलेल्या माणसाला मध्य आशियातील टोळ्यांची कुळे मोजण्याची गरज नव्हती. परंतु तोच सैलपणा आधुनिक वाङ्मयेतिहासकाराने शास्त्र म्हणून मिरवावा, याचे समर्थन करता येणार नाही. ‘यवनी अंमल’, ‘परचक्र’, ‘मुसलमानी रियासत’ ही आपली प्रकरणांची शीर्षके पाहावीत. त्या शीर्षकांखाली माणसे नसतात, घराणी नसतात, ग्रंथ तर नसतातच. संतकाव्याची ज्योत उजळून दिसावी म्हणून मागे धरलेला तो एक काळा पडदा असतो. प्रस्तुत लेखाचा रोख या पडद्यावर आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. बहमनी राज्य मोडल्यावर दख्खनेत पाच शाह्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी निजामशाहीचा मूळपुरुष पाथरीशी नाते सांगणाऱ्या ब्राह्मण कुळातून आलेला, तर इमादशाहीचा संस्थापक विजयनगरच्या मुलखातील हिंदू कुळात जन्मलेला. म्हणजे ज्या दोन शाह्यांचा महाराष्ट्राच्या मोठ्या भूभागाशी निकटचा संबंध आला, त्यांचे मूळपुरुष वंशाने तुर्क नव्हतेच. निजामशाहीचा अखेरचा समर्थ कर्ता मलिक अंबर हा हबशी. तुर्की किंवा तुर्कमान मुळाची म्हणता येतील अशी घराणी उरतात ती विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही आणि बीदरची बरीदशाही. यांतही विजापूरच्या युसुफ आदिलशहाला ऑटोमन सुलतानाचा पुत्र ठरवणारी कथा फिरिश्त्याने सांगितली, ती युसुफच्या मृत्यूनंतर सुमारे शतकाने आणि त्याच घराण्याच्या आश्रयास राहून. राजकुळाला दूरचे, उज्ज्वल मूळ लागते. उदयपूरशी नाते सांगणाऱ्या भोसले कुळाच्या वंशावळीवर आपल्याकडे जी साधकबाधक चर्चा झाली, तिच्या दशांश चर्चाही या कथेच्या वाट्याला मराठीत आली नाही. परक्याच्या बाबतीत आपल्याला चिकित्सा करण्याचीही निकड वाटत नाही.

तोच फिरिश्ता आणखी एक गोष्ट सांगतो. युसुफने मुकुंदराव या मराठा सरदाराच्या बहिणीशी विवाह केला आणि इस्माईल आदिलशहा हा तिचा पुत्र. म्हणजे आदिलशाही घराण्यात दुसऱ्या पिढीपासूनच मराठा मातेचे रक्त आहे. मी स्वतः रक्ताच्या हिशेबाला साहित्यविचारात स्थान देत नाही. परंतु जे रक्तावरूनच परकेपणा ठरवतात, त्यांनी निदान हिशेब तरी पुरा मांडावा.

साहित्याच्या अभ्यासकाचा प्रश्न वेगळा असतो. राज्यकर्ता कोठून आला यापेक्षा तो कोणत्या भाषेत लिहू लागला, कोणते ग्रंथ त्याने जवळ केले, त्याच्या दफ्तरात कोणती भाषा शिरली, हे त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. तुर्की राजकुळांचा इतिहास या बाबतीत विलक्षण बोलका आहे. हेरातच्या अली शेर नवाईने फार्सीच्या वर्चस्वाच्या काळात, १४९९ मध्ये, तुर्की आणि फार्सी या दोन भाषांची तुलना करणारा ग्रंथ लिहून मातृभाषेची बाजू मांडली. बाबराने आत्मचरित्र चगताई तुर्कीत लिहिले. त्याच्या नातवाच्या दरबाराला ते फार्सी भाषांतरातून वाचावे लागले. इराणचा शाह इस्माईल तुर्कीत कविता करी आणि त्याचा वैरी, ऑटोमन सुलतान सलीम, फार्सीत. घराणे आणि भाषा यांची गाठ किती सैल असते, हे या एका जोडीवरून कळावे.

दख्खनेत हीच गाठ आणखी सुटली. इस्माईल आदिलशहाला दख्खनी चालीरीतींपेक्षा तुर्की आणि फार्सी वळण प्रिय होते. पण त्याचाच पुत्र पहिला इब्राहीम (१५३४–१५५८) याने परदेशी सरदारांचे वर्चस्व मोडले आणि हिशेबाच्या दफ्तरातून फार्सी काढून ‘हिंदवी’ आणली, ब्राह्मण कारकून नेमले, असे फिरिश्ता नोंदवतो. त्या दफ्तरांतून मराठी लेखणीला जो राजकीय सराव मिळाला, त्याचा विचार न करता पुढच्या शतकातील मराठी पत्रव्यवहाराची आणि बखरगद्याची उपपत्ती लावता येत नाही. त्याच्यानंतरच्या पहिल्या अली आदिलशहाच्या ग्रंथालयाचा कारभार शेष वामन पंडिताकडे होता. दुसरा इब्राहीम (१५८०–१६२७) तर स्वतःच ग्रंथकार. त्याच्या ‘किताबे नौरस’मध्ये रागवार मांडलेली दख्खनी गीते आहेत, त्यांत पैगंबर, गुलबर्ग्याचे गेसूदराज आणि सरस्वती यांना वंदन आहे, मोतीखान नावाच्या तंबोऱ्यावर आणि आतशखान नावाच्या हत्तीवर जीव लावणारा एक रसिक माणूस त्यांतून डोकावतो. त्याच्या फर्मानांच्या माथ्यावर सरस्वतीपूजेचा उल्लेख आढळतो. प्रजा त्याला जगद्गुरू म्हणे. ‘नौरस’ म्हणजे नवरस. भरताच्या नाट्यशास्त्रातील संकल्पनेचे नाव त्याने आपल्या ग्रंथाला आणि १५९९ मध्ये वसवू घेतलेल्या नौरसपूर या नगरालाही दिले. ते नगर १६२४ मध्ये मलिक अंबराने लुटले. म्हणजे ‘मुसलमानी रियासत’ या एका शीर्षकाखाली आपण ज्यांना एकत्र कोंबतो, त्यांतील एकाने दुसऱ्याचे रसनगर उद्ध्वस्त केले.

गोवळकोंड्याकडे पाहिले तरी चित्र हेच. तेथील इब्राहीम कुतुबशहाने तरुणपणी विजयनगरात आश्रय घेतला होता. पुढे त्याच्या दरबारी तेलुगू कवींना मान मिळाला. त्याचा पुत्र महंमद कुली (१५८०–१६१२) हा हैदराबादचा संस्थापक आणि दख्खनीतील आद्य दिवाणकारांपैकी एक. या दख्खनीत अवधारणेचा ‘च’ मराठीतून आला आहे आणि तिचा ‘नक्को’ आपल्या ‘नको’चा सख्खा भाऊ आहे. बंगळूरच्या रस्त्यांवर हा ‘नक्को’ आजही ऐकू येतो. ज्या भाषेत सुलतान कविता करीत होते, तिच्या हाडामासात मराठी होती. मराठी वाङ्मयेतिहासाला मात्र या नात्याची दखल घ्यावीशी वाटत नाही.

आता बंगळूरचाच विषय निघाला आहे, तर मल्लेश्वरममधील काडु मल्लेश्वराच्या देवळाजवळचा शिलालेख साक्षीस घेऊ. १६६९ चा हा कन्नड लेख सांगतो की, बंगळूरच्या महानाडूने विनंती केल्यावरून एकोजीने मल्लपुराच्या मल्लिकार्जुनाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिले. एकोजी म्हणजे व्यंकोजी भोसले, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू. या देवळात येणारा मराठी यात्रेकरू हा तपशील कौतुकाने ऐकतो, आणि ते कौतुक योग्यच आहे. परंतु त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग तो ऐकत नाही. व्यंकोजींचे पिते शहाजीराजे येथे आले ते १६३८ मध्ये, रणदुल्लाखानाबरोबर, विजापूरच्या महंमद आदिलशहाच्या फौजेचे सरदार म्हणून. केंपेगौडांच्या घराण्याला बंगळूर सोडून मागडीकडे जावे लागले आणि हा प्रांत शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाला. शिलालेख कोरला गेला तेव्हा विजापूरच्या तख्तावर दुसरा अली आदिलशहा होता, तोही ‘शाही’ या नावाने दख्खनीत कविता करणारा. देऊळ शैव, लेख कन्नड, दाता मराठा आणि दात्याची जहागीर आदिलशाही, असा हा चौपदरी दस्तऐवज आहे. त्याचे तीन पदर वाचायचे आणि चौथा दुमडून ठेवायचा, याला वाचन म्हणत नाहीत.

येथेच माझा मुख्य आक्षेप आहे. आपण परकेपणाचे दोन निकष वापरतो. आदिलशाही बंगळुरात परकी असेल, तर तिच्याच घोड्यांबरोबर, त्याच वर्षी, त्याच वेशीतून आत आलेले मराठेही परकेच ठरतात. आणि मराठे येथे रुजले, येथल्या देवाला गाव देऊन येथलेच झाले, असे आपण म्हणणार असू (आणि तसे म्हणणेच योग्य आहे), तर सरस्वतीला वंदन करून दख्खनीत पदे रचणाऱ्या विजापूरकराला तीच मुभा द्यावी लागेल. व्यंकोजींचा पुत्र शहाजी (१६८४–१७१२) तंजावरच्या गादीवर बसून तेलुगू यक्षगाने आणि मराठी नाटके लिहितो, तेव्हा आपण त्याच्या बहुभाषिकतेचे गोडवे गातो. इब्राहीमने हेच केले तर आपण त्याला एक चमत्कारिक अपवाद म्हणून तळटीपेत ढकलतो. राजा एकच गोष्ट करीत असताना एका ठिकाणी ती संस्कृती आणि दुसऱ्या ठिकाणी लहर, असे कसे ठरते?

विद्यार्थ्यांनी या संदर्भात ‘राधामाधवविलासचंपू’ उघडावा. जयराम पिंड्ये हा शहाजीराजांच्या बंगळूर दरबारी आलेला कवी. त्याच्या चंपूत अनेक भाषांचे कवी राजासमोर आपापल्या भाषेत रचना सादर करतात. वि. का. राजवाडे यांनी तो विस्तृत प्रस्तावनेसह १९२२ मध्ये प्रसिद्ध केला, हे त्यांचे मोठे ऋण. परंतु या ग्रंथाचा उपयोग आपण जवळजवळ केवळ शहाजीराजांच्या चरित्राचे साधन म्हणून केला. तो एका सभेचे काव्य आहे. ही सभा आकाशातून पडलेली नाही. कवी, गायक आणि पंडित यांना अनेक भाषांत एकाच वेळी दाद देणारा दरबार ही दख्खनेतली घडण होती. विजापूर आणि गोवळकोंडा यांनी तिचा पाठ घालून दिला होता, तर विजयनगरने त्यांच्याही आधी. शहाजीराजांच्या रसिकतेला तिच्या शेजाऱ्यांपासून तोडले की ती मोठी होत नाही, अनाकलनीय होते.

मला उत्तर काय मिळेल हे ठाऊक आहे. तालिकोटच्या लढाईनंतर, १५६५ मध्ये, विजयनगरची जी राखरांगोळी झाली ती कोणी केली? आदिलशाही फौजांनी कर्नाटकात जी लूट केली तिचे काय? १६४८ मध्ये जिंजीपाशी मुस्तफाखानाने शहाजीराजांना कैद केले, ते कोणाच्या सेवेत असताना? हे सर्व खरे आहे आणि यातले काहीही झाकण्याची माझी इच्छा नाही. उलट, ज्यांना या घराण्यांत फक्त सलोख्याचा सुगंध येतो, ज्यांच्या व्याख्यानात इब्राहीमची सरस्वती येते पण हंपीचे भग्नावशेष येत नाहीत, त्या मंडळींशीही माझे तितकेच भांडण आहे. त्यांनी काळ्या पडद्याच्या जागी जरीचा पडदा लावला, एवढाच फरक. माणसे अजून पडद्याआडच आहेत. एकच राजघराणे देवळे लुटणारी फौजही पाठवू शकते आणि ब्राह्मण पंडिताच्या हाती ग्रंथालयही सोपवू शकते, ही गोष्ट पचवण्याइतकी प्रौढ आपली समीक्षा झाली पाहिजे. शिवछत्रपतींच्या स्वराज्याचे मोलही अशा वाचनाने उणावत नाही. न्या. रानडे यांनी १९०० मध्येच मराठी सत्तेच्या उदयाची मुळे दख्खनी शाह्यांतील मराठ्यांच्या वाढत्या कर्तबगारीत दाखवली होती. स्वराज्य हे राजकारण, लेखणी आणि तलवार यांत दीडशे वर्षे मुरलेल्या लोकांनी विचारपूर्वक घेतलेले वळण होते. ‘राजव्यवहारकोशा’त फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय योजणाऱ्यांना फार्सी उत्तम येत होती, म्हणूनच त्यांचा नकार अर्थपूर्ण ठरतो. आपल्याला मात्र ज्याचे ज्ञानच नाही त्याचा अभिमानाने नकार द्यायचा असतो.

हे ज्ञान मिळवण्याची साधने आपल्या पूर्वसूरींनी ठेवली आहेत. माधवराव पटवर्धनांचा ‘फार्शी-मराठी कोश’ १९२५ चा. ग. ह. खरे यांनी फार्सी कागद वाचून मराठीत आणले, सेतुमाधवराव पगडी यांनी फार्सी साधनांचा मोठा ऐवज मराठी केला, रा. चिं. ढेरे यांनी १९६७ मध्ये मुसलमान मराठी संतकवींचा वेगळा ग्रंथ सिद्ध केला. हे काम इतिहाससंशोधकांचे आणि लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांचे, असे समजून मराठी विभागांनी ते कपाटात ठेवले. मध्ययुगीन मराठीचा पदव्युत्तर विद्यार्थी संस्कृत साहित्यशास्त्र शिकतो, पाश्चात्त्य समीक्षेचे सिद्धान्त पाठ करतो. पण ज्या लिपीत आणि भाषेत त्याच्या प्रदेशाचा निम्मा कारभार चालला, तिची अक्षरओळख त्याला करून दिली जात नाही. मग तो सतराव्या शतकातील पत्र हाती घेतो आणि त्याची पहिली ओळच त्याला अडते.

म्हणून मागणी साधी आहे. मध्ययुगीन मराठीच्या अभ्यासक्रमात फार्सीचा प्राथमिक परिचय आवश्यक करावा. ‘किताबे नौरस’ आणि महंमद कुलीच्या दख्खनी रचना मराठी विद्यार्थ्यांपुढे मराठी टीपांसह ठेवाव्यात. जयराम पिंड्याचा चंपू चरित्रसाधन म्हणून नव्हे, काव्य म्हणून शिकवावा. आणि वाङ्मयेतिहासाच्या पुढल्या खंडात ‘यवनी अंमल’ असे प्रकरण लिहायला बसणाऱ्याने आधी त्यातल्या प्रत्येक राज्यकर्त्याचे नाव, त्याची भाषा आणि त्याचा ग्रंथ लिहून काढावा. ही यादी पुरी झाल्यावरही त्याला तेच शीर्षक ठेवावेसे वाटले, तर त्याने ते खुशाल ठेवावे. निदान वाचकाला कळेल की लेखकाने शीर्षकाखालची माणसे पाहिली होती.