दगडी गाव आणि दादाची स्लॅब

परवा घरच्या ग्रुपवर गोर्दचे फोटो टाकले आणि तासाभरात अपेक्षित तेच उत्तर आलं. "बघा, त्यांनी कसं जपलंय! नाहीतर आपल्याकडे..." खोटं कशाला बोलू, कड्याला बिलगलेलं ते पिवळसर दगडी गाव वळणावरून पहिल्यांदा दिसलं तेव्हा मीही हेच म्हणाले होते. दोन तास गल्ल्यांतून हिंडले आणि मत बदललं. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही गेलो ते नोव्हेंबरात. अविन्याँपासून गोर्द साधारण चाळीस किलोमीटर. घरं देखणी, पण बहुतेक खिडक्यांची झडपं बंद. कुठे कपडे वाळत घातलेले नाहीत, कुठून लसणाचा वास नाही, पोरांचा आरडाओरडा तर नाहीच. ल्युबेराँच्या या डोंगराळ भागात अशी कितीतरी घरं शहरातल्या आणि परदेशातल्या पैसेवाल्यांची सुटीतली घरं आहेत. उन्हाळ्यात उघडतात, मग कुलूप.

आता "त्यांनी जपलं" म्हणजे नक्की कोणी?

ही गावं उंचावर वसली ती देखाव्यासाठी नव्हे, हल्ल्यांच्या भीतीने. खालची जमीन कसायची आणि रोज चढ चढून घरी यायचं. पोट भरत होतं ते द्राक्षांवर, रेशमावर आणि मंजिष्ठेवर. फ्रेंच सैनिकांच्या लाल विजारी याच मंजिष्ठेच्या रंगात रंगायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रेशमाच्या किड्यांवर रोग आला. १८६०च्या दशकात फिलॉक्सेरा या किडीने द्राक्षमळे खायला सुरुवात केली. १८६९च्या सुमारास जर्मन रसायनतज्ज्ञांनी मंजिष्ठेचा रंग कारखान्यात बनवण्याची रीत काढली आणि तेही पीक गेलं. माणसं खाली उतरली, शहरांकडे गेली. जवळचं ओपेद तर जवळजवळ सगळंच खाली नव्या वस्तीत आलं आणि वरची घरं ढासळत राहिली. गोर्दवर ऑगस्ट १९४४मध्ये जर्मन सैन्याने सूड उगवला, त्यात घरं उद्ध्वस्त झाली ती वेगळीच.

मग चित्रकार आले. वाझारेलीचं संग्रहालय १९७० ते १९९६ इथल्या किल्ल्यात होतं. चित्रकारांमागून पैसा आला, पैशामागून बांधकामाचे कडक नियम. म्हणजे क्रम बघा. आधी गरीब गेले, मग गाव सुंदर झालं. जपली गेली ती भिंत. भिंतीआडचा माणूस कधीच निघून गेला होता.

दगड जपले हे वाईट झालं असं मी म्हणत नाही. पण त्याचे पैसे कोणीतरी मोजले, आणि ज्यांनी मोजले त्यांचं पोट त्या गावावर नव्हतं.

आता आपल्याकडे या. कोकणातल्या आपल्या घराची कौलं काढून दादा स्लॅब टाकतोय म्हटल्यावर आपण सगळ्यांनी काय गहजब केला! मीच सर्वांत पुढे. "जांभ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, आजोबांचं घर..." आपण तिथे राहतो किती? गणपतीचे पाच दिवस आणि मे महिन्यातले आठ. उरलेले दिवस वानरं कौलं फोडतात ती दादाच्या डोक्यावर. दर पावसाआधी कौलं परतायला माणूस शोधायचा तो दादाने, आणि मिळालाच नाही तर या वयात वर चढायचं तेही दादाने. गळणाऱ्या माजघरात रात्री भांडी मांडायची ती वहिनीने. आपण फक्त फोटो काढायचे.

जे गाव सोडून गेले त्यांनी, मागे राहिलेल्यांना गाव सुंदर ठेवा म्हणून दटावणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. कौलं हवी असतील तर दरवर्षीच्या डागडुजीचा खर्च वाटून घ्या. मी माझा वाटा द्यायला तयार आहे. बाकीच्यांनी आपापला आकडा कळवा. नसेल जमत तर गप्प बसूया.

नाहीतर कौलं शाबूत राहतील, जांभा शाबूत राहील, आणि दारावर कुलूप असेल. तसलं सुंदर गाव मी पाहून आले. परत जावंसं वाटलं नाही.

दादा, मागच्या गणपतीत बोलले त्याबद्दल माफ कर. आणि तुला टाकायची असेल तर खुशाल टाक स्लॅब.