हायवेवर गाडी पळवणारा लायसन्सच्या टेस्टला रिव्हर्समध्ये का अडकतो?

पारोळ्याच्या अंगावरून सुरत–नागपूर महामार्ग जातो. पूर्वीचा सहा नंबर, आता ५३. एका बाजूला धुळे, दुसऱ्या बाजूला एरंडोल आणि पुढं जळगाव. त्यामुळं इथं गाडी शिकणं म्हणजे काय, तर ती गावातून कशीबशी बाहेर काढायची, हायवेला लावायची, टॉप गिअर टाकायचा आणि पुढच्या ढाब्यावरून वळून परत यायचं. आठ-दहा दिवस असं झालं की घरात जाहीर होतं, पोराला गाडी येते.

येते हे खरंय. फक्त ती पुढंच जाते.

लायसन्सच्या टेस्टला मात्र तुम्ही किती जोरात चालवता हे कुणी विचारत नाही. ट्रॅकवर घेतली जाणारी टेस्ट जवळपास सगळी माणसाच्या चालीनं होते. इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवायची, एचच्या आकारात मागे घ्यायची, चढावर थांबून परत उचलायची, ठरलेल्या जागेत लावायची. (आठ इंग्रजीच बरं का. मराठी ८ काढायला गेलात तर गाडी थेट ट्रॅकबाहेर.)

बऱ्याच जणांना वाटतं की हे नवीन खूळ आहे. तसं नाहीये. केंद्रीय मोटार वाहन नियम आले १९८९ साली. त्यातल्या १५ व्या नियमात टेस्टला काय काय बघायचं याची लांबलचक यादी आहे. खड्या चढावर गाडी थांबवून ती मागे न घसरू देता पुन्हा उचलणं त्यात आहे. रिव्हर्स घेत डावीकडच्या किंवा उजवीकडच्या अरुंद जागेत गाडी नेमकी शिरवणं आहे. पुढचा-मागचा गिअर टाकत गाडीचं तोंड उलट्या दिशेला फिरवणंही आहे. म्हणजे पस्तीस वर्षांहून जास्त काळ हे सगळं कागदावर आहेच.

मग आपल्या काकांनी, मामांनी लायसन्स काढलं तेव्हा हे कुठं होतं?

तर तालुक्याच्या गावांत आरटीओचं शिबिर लागायचं. एक अधिकारी, ड्रायव्हिंग स्कूलची एक गाडी आणि रांगेत उभे उमेदवार. शेजारी स्कूलचा माणूस, त्याच्या पायाशी दुसरा क्लच आणि ब्रेक. अशा गर्दीत यादीतली प्रत्येक गोष्ट तपासायची तर दिवस मावळेल. मग गाडी पुढं नेऊन आणली की काम व्हायचं. अधिकाऱ्याला शिव्या घालून उपयोग नाही, ती व्यवस्थाच तेवढ्या माणसांत तेवढंच तपासू शकत होती.

आता चित्र बदलतंय. पुण्यात कारची टेस्ट भोसरीच्या आयडीटीआरच्या ट्रॅकवर होते. जिथं सेन्सर आणि कॅमेरे असतात, तिथं कडेला चाक टेकलं की नोंद होते. यंत्राला ‘साहेब, एवढं चालवून घ्या’ म्हणता येत नाही. जळगाव जिल्ह्यातही एमएच-१९ च्या जोडीला चाळीसगावला एमएच-५२ आणि भडगावला एमएच-५४ मिळाला. कार्यालय जवळ आलं की चकरा कमी होतात, पण टेस्ट सोपी होत नाही.

हे सगळं फक्त पास होण्यापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला की, हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असणारा माणूस ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचं मालवाहू वाहनही चालवू शकतो, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. ड्रायव्हर लोकांच्या रोजीरोटीसाठी निकाल मोठाच आहे. पण खान्देशात त्याचा अर्थ काय होतो बघा. छोट्या कारवर टेस्ट दिलेला पोरगा उद्या कापूस भरलेली पिकअप घेऊन बाजारपेठेत शिरणार. मागच्या काचेतून काही दिसत नाही, सगळी भिस्त बाजूच्या आरशांवर. किल्ल्याच्या आसपासच्या गल्लीत समोरून दुसरी गाडी आली की मागे कुणीतरी घ्यावंच लागतं. मागे शाळेतून सुटलेली पोरं आहेत की नाही, हे त्या आरशातच बघायचंय. हायवेवर शिकलेलं तिथं काहीच कामाला येत नाही.

मग सराव कसा करायचा?

पहिली गोष्ट हाफ क्लच. सपाट जागेवर ॲक्सिलरेटरला पाय न लावता, नुसता क्लच हळूहळू सोडत गाडी सरकवायची. डिझेलची कार असेल तर सहज सरकते. दहा फूट पुढं, थांबा, दहा फूट मागं, थांबा. कंटाळवाणं आहे, पण निम्मी टेस्ट इथंच आहे. गाडी बंद पडते ती घाईनं क्लच सोडल्यामुळं, आणि कडेला टेकते ती वेग जास्त असल्यामुळं. हात फिरायच्या आत गाडी पुढं गेलेली असते.

मग पार्किंग. वॅगन आर साधारण ३.६५ मीटर लांब आहे. तिच्या दीडपट, म्हणजे साडेपाच मीटर जागा विटा किंवा रिकामे डबे ठेवून आखा. पुढच्या गाडीच्या जागी एक डबा धरा. त्याला दोन-तीन फूट अंतर ठेवून समांतर उभे राहा, रिव्हर्स टाका, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. गाडी तिरकी झाली की स्टिअरिंग सरळ करून थोडं मागे या. पुढचा डावा कोपरा डब्याच्या मागे सुटला की स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे. सुरुवातीला डबे पडतील, पडू द्या. डबा दहा रुपयांचा, बंपर काही हजारांचा.

बाईकवाल्यांचं गणित वेगळं. आठ काढताना पाय टेकला की संपलं. पुढचा ब्रेक विसरा, मागच्या ब्रेकवर हलका पाय आणि हाफ क्लच, आणि नजर पुढच्या चाकाकडे नाही तर जिथं वळायचंय तिथं.

जागेचा प्रश्न खरा आहे. गर्दी नसलेल्या वेळी मार्केट यार्ड, टणक जमिनीचं खळं, सुट्टीच्या दिवशीचं मैदान, जे असेल तिथं परवानगी घेऊन. पण ‘मैदान आहे, रस्ता थोडीच आहे, लायसन्स कशाला’ हा समज चुकीचा आहे. लोकांना जायची मुभा असलेली कुठलीही जागा कायद्यानं सार्वजनिकच धरली जाते. लर्निंग लायसन्स हवंच. गाडीला पुढं-मागं पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. शेजारी लायसन्सवाला माणूस हवा, तोही गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला. मागच्या सीटवर झोपलेला मोठा भाऊ यात धरला जात नाही.

लर्निंग सहा महिने चालतं आणि टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते. म्हणजे पाच महिने हातात असतात. नापास झालात तर सात दिवसांनी परत संधी आहे. तीनदा नापास झालात तर मात्र शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं.

आता व्हॉट्सॲपवरचा मेसेज. ‘१ जून २०२४ पासून आरटीओत टेस्ट बंद, ड्रायव्हिंग स्कूलच लायसन्स देणार’ असं फिरत होतं. केंद्रीय मंत्रालयानं तेव्हाच सांगितलं की नियमात काही बदल नाही. टेस्टमधून सूट मिळते ती २०२१ च्या नियमांनुसार मान्यता मिळालेल्या प्रशिक्षण केंद्रात कोर्स पूर्ण केला तरच. कारसाठी तो २९ तासांचा आहे, ८ तास वर्गात आणि २१ तास गाडीवर, आणि त्यात रिव्हर्स-पार्किंग वेगळं शिकवायचं असतं. कोपऱ्यावरच्या साध्या स्कूलच्या सर्टिफिकेटवर ही सूट मिळत नाही.

साध्या स्कूलमध्येच जाणार असाल तर पैसे भरायच्या आधी एवढंच विचारा, की दादा, यातले किती दिवस रिव्हर्सचे? ‘ते शेवटच्या दिवशी दाखवू’ असं उत्तर आलं तर दुसरं स्कूल बघा.