दलालाचा शब्द आणि घराचा कागद

साखऱ्यासारख्या गांवांतून शिकून बाहेर पडलेलीं मुलें पुण्यास, नांदेडास किंवा छत्रपति संभाजीनगरास नोकरीला लागलीं, कीं थोड्याच वर्षांत कुटुंबांत घर घेण्याचा विषय निघतो. वडिलांच्या निवृत्तीची रक्कम, आईचे दागिने आणि पुष्कळदां एखादें शेतही त्यांत जातें. परगांवीं ओळख नसल्यानें व्यवहार दलालाच्या हातीं येतो. म्हणून हा दलाल कोणाचा, हें प्रत्येक कुटुंबानें प्रथम विचारावें.

कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या ‘धर्मस्थीय’ अधिकरणांत वास्तुविक्रयाचा विधि सांगितला आहे. घर घेण्याचा पहिला मान आप्तांचा, मग शेजाऱ्यांचा, मग धनकोंचा. शेजारच्या चाळीस कुळांसमक्ष, त्या घरापुढेंच विक्री पुकारावी. तीन वेळां पुकारूनही कोणी हरकत घेतली नाहीं, तरच घेणाऱ्यास घर मिळावें. ही रीत लोपली, पण घराची विक्री उघड्यावर व्हावी हें तिचें मर्म आजही खरें आहे.

लबाड दलालाचा सारा व्यवहार याच्या उलट चालतो. धन्यास तो एक किंमत सांगतो, गिऱ्हाइकास दुसरी. आणि दोघांची गांठ पडूं देत नाहीं. “दुसरें गिऱ्हाईक उभें आहे, संध्याकाळपर्यंत इसार द्या,” अशी घाई करतो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांनीं दीड एकर रान विकून प्लॉटाकरितां एक लाख रुपये इसार रोख दिला. पावती नव्हती. पुढें कळलें, कीं जमीन अकृषिक झालेलीच नव्हती. “मी केवळ मध्यस्थ, पैसे मालकाकडे गेले,” असें दलालानें उत्तर दिलें. वर्षभर खेटे घातल्यावर निम्मी रक्कम हातीं आली. रान मात्र गेलें तें गेलेंच.

कायदा अशा वेळीं अगदींच मुका नाहीं. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें वेगळें ठरलें नसेल, तर काम पुरें होईपर्यंत मध्यस्थाचा मोबदला देय होत नाहीं. आपण नेमलेल्या मध्यस्थानें आपल्या अपरोक्ष स्वतःकरितां व्यवहार केल्यास त्याचा लाभ मागण्याचा हक्कही आपणांस आहे. २०१६ चा स्थावर संपदा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणें अंमलांत आला. नोंदणीपात्र प्रकल्पांतील घरें विकणाऱ्या दलालास ‘महारेरा’कडे नोंदणी करावी लागते, शिवाय २०२३ मध्यें प्रशिक्षण व परीक्षाही त्यास सक्तीची झाली. करारनामा नोंदविण्यापूर्वीं बांधकाम करणाऱ्यास किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं. परंतु कोणाचें राहतें जुनें घर किंवा गांवठाणांतील जागा घेतांना ही ढाल उपयोगीं पडत नाहीं. तेथें आपली सावधगिरीच कामास येते.

सारेच दलाल लबाड असतात असें म्हणणें अन्यायाचें होईल. चांगला दलाल आधीं कागद दाखवितो, मग घर. त्याची दलाली आनंदानें द्यावी. प्रघात एक-दोन टक्क्यांचा आहे. तरी दर आधीं लेखी ठरवावा आणि खरेदीखत नोंदल्यावरच रक्कम द्यावी. इसार मालकाच्याच नांवें, बँकेमार्फत, पावती घेऊन द्यावा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार आणि मागील तीस वर्षांचा शोध वकिलाकडून तपासून घ्यावा. आमच्या मराठवाड्यांत इनाम जमिनी व भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनी पुष्कळ आहेत; त्यांच्या विक्रीस सरकारी परवानगी लागते कां, हें पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये.

चाळीस कुळें आतां कोठून आणावीं? पण घरांत दहा माणसें तर आहेत! इसारापूर्वीं एका रात्रीं सर्वांनीं एकत्र बसावें. सुनेनें कागद मोठ्यानें वाचावा, आजोबांनीं शंका काढाव्या, मुलानें त्या टिपून घ्याव्या. ज्या दलालास एवढाही अवकाश द्यावयाचा नसेल, त्यास नमस्कार करून दुसरें घर पाहावें.