पहिल्या पानावरचे ९० टक्के

पुण्याच्या घरी गच्चीवर पाण्याची टाकी आहे. ती किती भरली हे आई-बाबांना खाली बसून कळावं म्हणून मी इथून एक छोटा सेन्सर बनवून नेला. दोन एए सेल, सरासरी भार २० मायक्रोअँपिअर. सेलचे ३ व्होल्ट हळूहळू उतरतात, सेन्सरला मात्र कायम ३.३ हवेत, म्हणून मध्ये रेग्युलेटेड चार्ज पंप बसवला. डेटाशीटच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: कार्यक्षमता ९० टक्के. सेलची क्षमता २००० मिलिअँपिअर-तास धरून हिशेब नऊ वर्षांचा आला. सुरक्षित म्हणून बाबांना पाच सांगितली.

सेल संपले अकरा महिन्यांत. सत्तरीतले बाबा दुखरे गुडघे घेऊन शिडी चढले.

डेटाशीट खोटं नव्हतं. मी चुकीचा आकडा वाचला, आणि आपल्यातले बरेच जण तोच वाचतात.

चार्ज पंप काय करतो? कपॅसिटर सेलवर भरून घेतो, मग स्विच बदलून तो सेलच्याच डोक्यावर ठेवतो. ३ चे ६ व्होल्ट होतात. कॉइल लागत नाही, जागा वाचते. पण आपल्याला हवेत ३.३, उरलेले २.७ उष्णता होऊन जातात. म्हणजे नव्या सेलवर कार्यक्षमता ५५ टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. सेल १.८ व्होल्टपर्यंत उतरले की दुप्पट ३.६ होतात आणि मर्यादा ९२ टक्क्यांवर जाते. सेल मरायला टेकले की पंप सर्वांत कार्यक्षम! ते ठळक ९० टक्के इथलेच होते, तेही २० मिलिअँपिअरला, म्हणजे माझ्या हजारपट भाराला.

दुसरा खर्च चिपचा स्वतःचा, म्हणजे क्वायसेंट करंट. माझ्या चिपचा २१० मायक्रोअँपिअर होता. दुप्पट करणारा पंप सेलमधून भाराच्या दुप्पट प्रवाह घेतो: ४० अधिक २१०, एकूण २५०. खरी कार्यक्षमता ९ टक्के. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं: झोपून राहणाऱ्या उपकरणासाठी कमाल कार्यक्षमता हा निकषच नको. तुमच्या सरासरी भाराला, नव्यापासून संपत आलेल्या सेलपर्यंत प्रत्येक व्होल्टेजला मोजा. कमी भाराला पंप ठेचकाळत चालतो, त्यामुळे मल्टिमीटरचा प्रवाहाचा आकडा नाचतो. त्यापेक्षा १०,००० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर ३ व्होल्टला भरा, सर्किट फक्त त्यावर चालवा आणि २.८ व्होल्टपर्यंत उतरायला किती वेळ लागतो ते पाहा. माझ्या जुन्या चिपला ८ सेकंद लागतात. २ मायक्रोअँपिअरवाल्या नव्या चिपला सुमारे ४८. कपॅसिटरची स्वतःची गळती आधी वेगळी मोजून घ्या, एवढंच.

आणि सगळ्यात आधी विचारा: पंप हवाच आहे का? आज अनेक मायक्रोकंट्रोलर १.८ व्होल्टवरही चालतात. माझा सेन्सर ३.३ शिवाय चालत नव्हता, म्हणून मी चिप बदलली. नवा हिशेब पाच वर्षांचा आहे. यावेळी तो मोजून केलेला आहे. तरी सेल तपासायला दर सुट्टीत गच्चीवर मीच चढणार आहे.